प्रभुभोजनाचा प्याला मी सात महिने न घेता पुढे देतो आहे

प्रश्न – परळकर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा वडिलांच्या खोलीची भाडेपावती मी थोरल्या भावाला पुरते न सांगता एकट्याच्या नावावर करून घेतली. त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही आणि गेल्या पावसाळ्यात तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. देवाजवळ मी रोज क्षमा मागतो. तरी रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मन एकच वाक्य म्हणत राहते: सख्ख्या भावाला फसवलेस, तुला कसली क्षमा? महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची, भाकर आणि प्याला माझ्या बाकापर्यंत येतो आणि मी तो तसाच पुढे देतो, कारण जो अयोग्य प्रकारे खातो तो दोषी ठरतो, असे प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिले आहे. माझा विश्वासच खोटा आहे का?

उत्तर – भायखळ्याचा वाचक

सलाम, दादा. ज्या वचनाने तुम्हाला अडवले आहे ते करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात आहे. तो अध्याय कृपा करून १७व्या ओवीपासून पुन्हा वाचा. करिंथ येथे मंडळी एकत्र जमे तेव्हा काही जण आपापले जेवण आधीच उरकत, कोणी भुकेला राही तर कोणी मद्याने धुंद होई, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना खाली मान घालावी लागे. पौलाचा राग त्यावर आहे. ‘अयोग्य प्रकारे’ हे शब्द खाण्याच्या रीतीविषयी आहेत. खाणारा स्वतः योग्य असावा अशी अट असती, तर पाळकांपासून शेवटच्या बाकापर्यंत कोणालाच त्या प्याल्याला हात लावता आला नसता. शिवाय २८वी ओवी म्हणते की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून उपाशी उठावे, असे तेथे म्हटलेले नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे की आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हाही देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि तो सर्व जाणतो. ‘सर्व जाणतो’ या शब्दांची मला अनेक वर्षे भीती वाटत असे. आता त्यांचाच आधार वाटतो, कारण तुम्ही येथे लिहिले नाही तेही ठाऊक असताना त्याने तुम्हाला बोलावले आहे.

उत्तर – वसईची ताई

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडे पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करण्याची, सोय आहे. पण मला आठवतात ते प्रभू येशूचे दोन शिष्य, त्याला धरून देणारा यहूदा आणि त्याला ओळखत नाही म्हणणारा पेत्र. यहूदाला पश्चात्ताप झाला नव्हता असे नाही. ‘मी पाप केले आहे’ असे तो स्पष्ट म्हणाला, मात्र ते मुख्य याजकांपुढे म्हणाला आणि त्यांनी उत्तर दिले की त्याचे आम्हाला काय! ज्यांच्या हाती क्षमा नव्हती, त्यांच्यापुढे त्याने आपला कबुलीजबाब नेला. रात्री अडीच वाजता तुम्हीही तुमचा खटला तुमच्याच मनापुढे चालवता, आणि त्या मनालाही क्षमा करण्याचा अधिकार नाही.

पेत्राने कोळशाच्या विस्तवाजवळ उभे राहून प्रभूला नाकारले. पुढे समुद्रकिनारी पुनरुत्थित प्रभूने त्याला जेवायला बोलावले, तेव्हाही कोळशाचाच विस्तव पेटलेला होता. नव्या करारात मूळ ग्रीकमधील तो शब्द या दोनच ठिकाणी येतो. प्रभूने त्याला तीनदा विचारले, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’, आणि प्रत्येक वेळी मेंढरे सांभाळण्याचे काम दिले.

म्हणून स्पष्टच विचारते, भाऊ: वहिनींना भेटलात का? जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, ते प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर. भावाचा वाटा क्षमेची किंमत म्हणून नव्हे, क्षमा मिळाली आहे म्हणून द्या.

उत्तर – दादरची परिचारिका

झोप इतके महिने मोडत असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही दाखवा. परळला केईएम रुग्णालयाचा मनोविकार विभाग तुमच्या जवळच आहे. शासनाच्या टेलीमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

परळकर

तसले विचार येत नाहीत, ताई, पण झोपेसाठी केईएमला नक्की जातो. वहिनी दोन मुलांना घेऊन डोंबिवलीला भाड्याच्या घरात राहते. इतके महिने मी माझ्या शिक्षेचा विचार केला आणि तिच्या भाड्याचा एकदाही केला नाही, हे लिहिताना मला लाज वाटते. पण ही लाज रात्रीच्या त्या आवाजासारखी नाही, हिच्यापुढे काहीतरी करण्यासारखे आहे. पहिला रविवार पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी शनिवारी खोलीची कागदपत्रे घेऊन डोंबिवलीला जातो. ती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही. रविवारी मात्र प्याला घेईन.