अदलाबदलीचा हिवाळा आणि शेवटचा यार्ड : चाहत्यांचे अनुभव

वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची अंतिम लढत आटोपली की चाहत्यांचा दुसरा मोसम सुरू होतो. कोणाचा करार संपला, कोणाला मोकळे सोडायचे, कोणासाठी कोणता तरुण पिचर (चेंडू फेकणारा) गमवायचा, यावर डिसेंबरातील विंटर मीटिंग्जपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे पिचर आणि कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) सरावाला हजर होईपर्यंत, घरोघरी खल चालतो. नेमक्या याच महिन्यांत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, निर्णायक सामने होतात, आणि चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार प्रयत्नांतील शेवटच्या प्रयत्नाला) किक मारायची की पुढे जायचे यावर त्याच घरांत आवाज चढतात. आमच्या न्यू जर्सीच्या मित्रमंडळात मार्च २०२४ पासून एकच विषय आहे : न्यू यॉर्क जायंट्सने सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिले आणि तो शेजारच्या फिलाडेल्फियात, ईगल्सकडे गेला. रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूवर, मोठी रक्कम गुंतवू नये, हा विचार तेव्हा सर्वमान्य होता आणि मलाही तो पटत असे. त्याच मोसमात बार्कली २००५ यार्ड धावला आणि ईगल्सने सुपर बोल ही एनएफएलची अंतिम लढत जिंकली. तरीही माझे मत असे आहे की जायंट्सच्या आक्रमक फळीमागे तो एवढा धावला नसता, आणि म्हणून त्या निर्णयाचा हिशेब केवळ ईगल्सच्या विजयावरून मांडता येणार नाही. आपण मनापासून वाद घातलेला असा एखादा व्यवहार किंवा एखादा प्ले (मैदानावरील ठरवून केलेली चाल) सविस्तर लिहावा, आणि निर्णय घेतला त्या दिवशी काय ठाऊक होते, हे आवर्जून सांगावे, ही विनंती.

बॉस्टनजवळून

आमच्याकडे या विनंतीचे उत्तर मुकी बेट्स हेच आहे. २०१८ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि त्याच वर्षी बॉस्टन रेड सॉक्सच्या वर्ल्ड सिरीज विजयात आघाडीवर असलेला हा उजवा आउटफिल्डर फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सला देण्यात आला. त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस गेला, त्याच्या पगाराचा निम्मा भारही रेड सॉक्सने उचलला, आणि बदल्यात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग हे तिघे आले.

माझे यजमान हिशेबाच्या बाजूने बोलत होते. बेट्सच्या कराराचे एकच वर्ष उरले होते, त्यानंतर तो मोकळा होणार होता, आणि हातातून काहीही न मिळता जाण्यापेक्षा तीन तरुण खेळाडू मिळणे बरे, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नसली तरी ठरावीक आकडा ओलांडला की कर भरावा लागतो. २०२० साली तो आकडा २० कोटी ८० लाख डॉलर होता. रेड सॉक्सने आधीची दोन वर्षे तो ओलांडला होता आणि सलग ओलांडत गेल्यास कराचा दर वाढत जातो. यातला प्रत्येक मुद्दा बरोबर होता. माझी मुलगी मात्र एकच प्रश्न विचारत राहिली : फेनवे पार्कसारखे मैदान ज्यांच्या मालकीचे आहे, त्यांना कोणता खेळाडू परवडत नाही?

या व्यवहाराचे मूळ रूप वेगळे होते, हे आता अनेकांच्या लक्षात नसते. पहिल्या आराखड्यात मिनेसोटा ट्विन्सही होते आणि त्यांचा ब्रुसडार ग्रॅटेरोल हा जोरकस पिचर बॉस्टनला येणार होता. त्याच्या वैद्यकीय अहवालावर रेड सॉक्सने हरकत घेतली, काही दिवस सगळेच अधांतरी राहिले आणि शेवटी ग्रॅटेरोलही डॉजर्सकडेच गेला. त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघत नव्हता. बेट्स अजूनही राहील, अशी आशा मुलीने सोडली नव्हती.

माझ्या दृष्टीने वाद मिटला तो डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा नव्हे. तो त्याआधीच, जुलै २०२० मध्ये मिटला. महामारीमुळे लांबलेला मोसम सुरू होण्याच्या तोंडावर बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला, म्हणजे तो बाजारात उतरलाच नाही. ‘तो मोकळा होऊन जाणारच होता’ या एका गृहीतकावर उभा असलेला सगळा युक्तिवाद एकही चेंडू खेळला जाण्यापूर्वी कोसळला. व्हर्डुगो पुढे डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजकडे गेला, डाउन्स मोजकेच सामने खेळून निघाला, वाँग तेवढा कॅचर म्हणून टिकला. पण हे सगळे नंतरचे आहे आणि त्याच्या आधाराने मी माझी बाजू मांडत नाही.

अटलांटाहून

५ फेब्रुवारी २०१७ ची ह्यूस्टनमधील सुपर बोल आमच्या फाल्कन्सने २८–३ अशा आघाडीनंतर गमावली, एवढेच जगाला आठवते. मला त्यातला एकच टप्पा सलतो. गुण २८–२० होते आणि पाचेक मिनिटे उरली होती. हुलिओ जोन्सने सीमारेषेपाशी अशक्य वाटणारा झेल घेतला आणि चेंडू प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सच्या गोललाइनपासून २२ यार्डांवर आला. तेथून मॅट ब्रायंटचा फील्ड गोल (तीन गुणांची किक) सहज झाला असता, आघाडी ११ गुणांची झाली असती आणि पॅट्रिअट्सना दोनदा गुण मिळवावे लागले असते. आम्ही मात्र पास टाकायला मागे सरलो, त्यांच्या ट्रे फ्लॉवर्सने आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) मॅट रायन याला पाडले, पुढच्याच प्लेला होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) दंड बसला आणि किकचे अंतर हाताबाहेर गेले. पराभव झाला नसता तरी हा निर्णय मला चुकीचाच वाटला असता, कारण त्या क्षणी गुणफलक, घड्याळ आणि मैदानावरची जागा या तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या.

बेल्व्ह्यूहून, सिअ‍ॅटलच्या पलीकडून

अटलांटाच्या अनुभवाच्या बरोबर उलट आमचा आहे आणि तो थोडा विस्ताराने मांडतो. १ फेब्रुवारी २०१५ रोजी अ‍ॅरिझोनातील ग्लेन्डेल येथे सुपर बोलमध्ये पॅट्रिअट्स २८ आणि आमचे सीहॉक्स २४ अशी स्थिती असताना चेंडू त्यांच्या गोललाइनपासून एक यार्डावर होता, दुसरा डाउन होता, घड्याळात २६ सेकंद होते आणि आमच्या हाती एक टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची संधी) होता. मार्शॉन लिंचसारखा धिप्पाड, अंगावर आलेल्याला ओढत नेणारा रनर मागे उभा होता. आमचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनने पास टाकला, पॅट्रिअट्सच्या माल्कम बटलरने तो मधल्यामध्ये टिपला आणि सामना संपला.

‘चेंडू लिंचला का दिला नाही?’ हा प्रश्न त्या रात्रीपासून सारे शहर विचारत आले आहे. आमच्या घरी सामना पाहायला जमलेल्या मंडळींतील एका वहिनींनी मात्र कागद मागवून घेतला आणि आकडेमोड करून दाखवली. तीन डाउन शिल्लक, टाइमआउट एक. धावण्याचा प्रयत्न फसला तर घड्याळ चालूच राहते. सलग दोनदा धावून अडलो तर तिसऱ्या प्रयत्नापुरता वेळ उरेलच याची खात्री नाही. पास जमिनीवर पडला तर घड्याळ आपोआप थांबते. म्हणजे तिन्ही प्रयत्न पदरात पाडून घ्यायचे असतील, तर त्यांपैकी एक पास असायलाच हवा, आणि समोर पॅट्रिअट्सनी गोललाइनसाठी जड खेळाडू उभे केले असताना तो पहिल्यांदाच टाकण्यात तर्क होता. तो पूर्ण मोसम संपत आला तरी लीगमध्ये एक यार्डावरून टाकलेला एकही पास प्रतिस्पर्ध्याने टिपला नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

वहिनींचे म्हणणे मला त्या रात्रीच पटले, पण अर्धेच. पास टाकावा, हे मान्य. तो गर्दीच्या मधोमध, आत वळणाऱ्या रिकार्डो लॉकेटकडे का टाकावा? मैदानाच्या कोपऱ्यात उंच टाकलेला पास एकतर आपल्याला मिळतो, नाहीतर बाहेर जातो. आमचे प्ले ठरवणाऱ्या डॅरेल बेव्हेलच्या प्ले-कॉलिंगवर टीका करायची असेल तर ती या मुद्द्यावर करावी. लिंचचे नाव घेऊन करू नये.

आता बेसबॉलच्या अदलाबदलीशी जोडलेला धागा. त्या प्लेमध्ये आमच्या जर्मेन कर्सने समोरच्या बचावपटूला मागे रेटून लॉकेटसाठी वाट मोकळी करायची होती. कर्ससमोर उभा होता ब्रँडन ब्राउनर, आणि त्याने कर्सला जागचा हलू दिले नाही. म्हणून बटलरला सरळ वाट मिळाली. हा ब्राउनर आधी आमचाच होता. मार्च २०१४ मध्ये, मोसम नसलेल्या त्या शांत महिन्यांत, तो पॅट्रिअट्सकडे गेला आणि तेव्हा त्या बातमीवर आमच्याकडे फारशी चर्चाही झाली नाही. सीहॉक्सची रचना सरावात रोज पाहिलेला माणूस नेमक्या त्या यार्डावर उभा होता. शिवाय पॅट्रिअट्सनी हाच प्ले सरावात बटलरसमोर चालवून पाहिला होता आणि तेव्हा तो हरला होता. त्या एका पासवर लोक वर्षानुवर्षे बोलतात. ब्राउनरच्या जाण्यावर कोणी बोलत नाही, आणि मला तो मोठा अन्याय वाटतो.

फ्रीमाँटहून

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या चाहत्यांना हिवाळ्यातील वाद घालण्याची चैन फारशी मिळाली नाही, कारण आमच्या संघातून जाणारेच अधिक असत. मार्च २०२२ मध्ये मालकांची टाळेबंदी उठली आणि आठवडाभराच्या आत ख्रिस बॅसिट मेट्सकडे, मॅट ओल्सन ब्रेव्ह्जकडे आणि मॅट चॅपमन ब्लू जेजकडे गेला. २००२ साली जेसन जियाम्बी आणि जॉनी डेमन यांच्याशिवाय याच संघाने सलग २० सामने जिंकले होते, त्यामुळे ‘हेही सावरतील’ असे आम्ही एकमेकांना सांगत असू. पण २००२ च्या संघात हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन उत्तम पिचर होते, ही गोष्ट काटकसरीचे गोडवे गाताना सोयीस्करपणे गाळली जाते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडच्या मैदानावर शेवटचा सामना झाला आणि संघ सॅक्रामेंटोला गेला.

पुण्याहून

आमचे चिरंजीव फिलाडेल्फियात असतात. सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच वाजता सुरू होते आणि गेली अनेक वर्षे ती आम्ही दोघे दोन खंडांत बसून, फोन चालू ठेवून पाहतो. आमच्यात एका गोष्टीवर सतत मतभेद आहे, तो म्हणजे ईगल्सचा ‘टश पुश’. एक यार्ड हवा असला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स मान खाली घालून घुसतो आणि मागचे त्याला ढकलतात. मुलाला त्यात सौंदर्य दिसते. मला सुरुवातीला तो कल्पनाशून्य वाटायचा. ४० सेकंदांच्या घड्याळात हेल्मेटमधील स्पीकरवरून, शेवटचे १५ सेकंद उरेपर्यंत, प्रशिक्षक इतके गुंतागुंतीचे प्ले सांगू शकत असताना पुन:पुन्हा तेच का?

मी स्वतः तरुणपणी कबड्डी खेळलेलो आहे, आणि मध्यरेषेपासून हातभर अंतरावर तीन जणांनी धरलेला चढाईपटू ज्या ताकदीने रेटा देतो, ते आठवले तेव्हा मला मुलाचे म्हणणे कळू लागले. काय येणार हे समोरच्याला पूर्ण ठाऊक असूनही तो अडवू शकत नसेल, तर त्यात दोष कोणाचा? मे २०२५ मध्ये या प्लेवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ पैकी २४ मते हवी होती आणि २२ पडली. तो प्ले थांबवायचाच असेल तर मैदानावर थांबवावा, अशा मताचा मी आता आहे. सूनबाई मात्र अजूनही खेळाडूंच्या मानेला इजा होईल या काळजीने बंदीच्या बाजूने आहेत, आणि त्यांच्या काळजीला माझ्याकडे उत्तर नाही.

डेट्रॉइटच्या उपनगरातून

२८ जानेवारी २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला लायन्स २४–७ असे पुढे होते. उत्तरार्धात आमचा मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलने दोनदा चौथ्या डाउनला फील्ड गोल नाकारून पुढे जायचे ठरवले, दोन्हीदा ते फसले आणि आम्ही ३४–३१ हरलो. पहिल्या वेळी जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आलेला चेंडू निसटला. तो टिपला गेला असता तर त्याच निर्णयाला सर्वांनी धाडस म्हटले असते.

मी कॅम्पबेलच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण त्याआधीच्या इतिहासात आहे. १९५७ च्या विजेतेपदानंतर २०२४ च्या जानेवारीपर्यंत आमच्या संघाने बाद फेरीचा एकच सामना जिंकला होता. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सला देऊन आम्ही त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या निवडीतील) पहिल्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. पुढच्याच वर्षी स्टॅफर्डने सुपर बोल जिंकली आणि आम्हाला फसवले गेले असे जो तो म्हणू लागला. दोन वर्षांनी गॉफने त्याच रॅम्सला डेट्रॉइटमध्ये २४–२३ हरवले, तेव्हा तीच माणसे त्या व्यवहाराचे कौतुक करत होती. व्यवहार तोच होता.

ज्या वृत्तीने हा संघ तिथवर आला, ती वृत्ती उपांत्य सामन्यात गुंडाळून ठेवावी, असे मला त्या दिवशी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मला खरी चिंता नंतरच्या हिवाळ्याची वाटली. २०२४ च्या मोसमात १५ विजय मिळवल्यानंतर प्ले ठरवणारा बेन जॉन्सन शिकागोला आणि बचाव सांभाळणारा अ‍ॅरन ग्लेन जेट्सकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. त्यांच्या जागी कोण येणार, यावर जेवढा वाद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. सगळे लक्ष खेळाडूंच्या करारांवर होते. २०२५ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेलने प्ले-कॉलिंग स्वतःकडे घेतले, आणि आमच्या घरी तेव्हापासून वादाचा विषय हा आहे की मुख्य प्रशिक्षकानेच प्ले सांगायचे ठरवले, तर चौथ्या डाउनला त्याला ‘थांबा’ म्हणणारा शेजारी कोण उरतो.