‘रामदास’ मोडकळीला आलेली होती म्हणून बुडाली?
मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला जाणारी ‘रामदास’ ही प्रवासी बोट १९४७ला बुडाली, ती जुनी, मोडकळीला आलेली होती म्हणून, असं एकांनी लिहिलंय. हे काही पटत नाही. बोट १९३६ची, इंग्लंडात स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, म्हणजे १७ जुलै १९४७ला जेमतेम अकरा वर्षांची. त्या सकाळी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, भर पावसाळ्यात. गटारीसाठी गावी जाणारेही त्यात बरेच. सुमारे सातशे माणसं होती, त्यातली सहाशेच्या वर गेली. काशाच्या खडकाजवळ लाट आदळली, एका बाजूने पाणी आत आलं आणि लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले. बोट कलंडली ती त्यानेच.

हे कसं होतं ते मी रेवसच्या लाँचमध्ये पाहिलंय. मे संपत आलेला, वारा पडलेला नव्हता. उजवीकडून फवारा आला तशी सगळी माणसं टोपल्या-पिशव्या उचलून डावीकडे सरकली. ताडपत्री सोडायला गेलेला खलाशी तिथूनच ओरडला, "बसा हो खाली, जागचे हलू नका!" लाँच एवढी कलली की बाकाखालचा पाण्याचा डबा गडगडत पलीकडे गेला. शेजारची आजी तेवढी हलली नाही, माझा दंड मात्र घट्ट धरून होती.

आणि बोटीच्या वयापेक्षा मला जास्त खटकतं ते हे: ‘रामदास’वर वायरलेसच नव्हता. मुंबई इतकी जवळ, तरी बोट बुडाल्याचं शहराला कित्येक तास कळलं नाही. तोवर जे वाचले ते बरेचसे रेवसकडच्या कोळ्यांच्या होड्यांमुळे.