मदत हवी आहे : आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज कसं कळणार?
नमस्कार मंडळी, राजारामपुरीतून लिहितोय. धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार) आहे. तांबडा रस्सा कधीच सुटला, पण पोरगं खंगत चाललंय ते बघवत नाही.

लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनवतात. जिवाणूंच्या आवरणातल्या एलपीएस या विषारी घटकाचा फॉस्फेट ते काढून टाकतं, मग त्याचा दाहकपणा उतरतो. सुजलेल्या आतड्यात हेच विकर कमी पडतं, असं वाचलं.

भावाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल आलंय. पण रक्तातलं बहुतेक यकृत आणि हाडांतून येतं ना? मग आतड्याचं काय कळणार? शौचाच्या नमुन्यात कुणी मोजून घेतलंय का? कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) केलंय, वाढलेलं आहे. गोळ्या चालूच ठेवणार आहोत. सोमवारी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?