‘बेघरपणा अनुभवणाऱ्या व्यक्ती’ : दुसरा शब्द सुचवा

रफार: एका निवाऱ्याचं पत्रक मराठीत करतेय. काम शोधायला मदत आणि कामाचं शिक्षण, असा मजकूर आहे. इंग्रजीत ‘होमलेस’ मुद्दाम टाळलंय, म्हणून मी ‘बेघरपणा अनुभवणाऱ्या व्यक्ती’ लिहिलं. संपादकबाई म्हणाल्या, सहलीला गेल्यासारखे वाटतात! शिवाय ‘करिअर समुपदेशन’ ठेवू का?

टिंबटिंब: सरळ ‘बेघर’ लिहा. अनुभव साधनेचा येतो, बेघरपणा वाट्याला येतो.

अनुस्वार: ‘बे’ फारसी. ‘अनिकेत’ काय वाईट? गीतेच्या बाराव्या अध्यायात आहे.

टिंबटिंब: तिथे तो भक्ताचा गुण आहे हो. फुटपाथवरून हुसकावलेल्या माणसाला कसला गुण चिकटवताय? पत्रक वाचून लोक विचारतील, हा अनिकेत कोण!

कडीकोयंडा: मी निवाऱ्यात काम करतो. ‘फिआन्त्सा’ या युरोपीय संघटनेने २००५ साली केलेल्या वर्गवारीत चार गट आहेत: छप्परच नसलेले, निवाऱ्यात राहणारे, घर कधीही सुटेल असे आणि राहण्यालायक नसलेल्या घरातले. मित्राच्या सोफ्यावर झोपणारा स्वतःला बेघर म्हणवत नाही, मग तो पत्रक कशाला उचलेल? आम्ही ‘राहायला पक्की जागा नसेल तर’ असं लिहितो. आणि ‘समुपदेशन’ काढाच, ऐकलं की लोकांना उपदेशाचा वास येतो. त्यांचे प्रश्न असे असतात: अर्जात पत्त्याच्या रकान्यात काय लिहू? मुलाखतीला जाताना पिशव्या कुठे ठेवू? रात्रपाळी लागली तर दिवसा झोपायला निवारा उघडा असेल का?

अनुस्वार: मग ‘सल्ला’? तोही अरबी निघाला.

जुनंपान: कामाच्या शिक्षणाला ‘उमेदवारी’ हा झकास शब्द होता. आमचे आजोबा छापखान्यात उमेदवारी करत. पगार नाही, नुसती उमेद. निवडणुकांनी पळवला तो.

कडीकोयंडा: बिनपगारी असेल तर शब्दही नको. आज रात्रीची सोय बघणारा माणूस महिनोन्महिने फुकट शिकत बसत नाही. म्हणूनच ‘आधी नोकरी, मग शिक्षण’ ही मानसिक आजार असलेल्यांसाठी निघालेली पद्धत बेघरांसाठीही वापरतात.

जुनंपान: ‘शिकाऊ उमेदवारा’ला विद्यावेतन मिळतं की. सरकारी शब्द आहे.

टिंबटिंब: सरकारी म्हणून बरोबर, हे कधीपासून?

रफार: ‘राहायला पक्की जागा नसेल तर’ घेतलं. समुपदेशनाचं अजून अडलंय.

अनुस्वार: ‘पक्की’ का? भाड्याची जागा तरी पक्की असते का?