एकच डीबगर, दोन प्रकारचे प्रोसेसर : मॉड्यूलच्या सीमा कुठे आखाव्यात?

पंपनियंत्रक_पुणे

नमस्कार. आमचा पाच जणांचा गट शेतीपंपांच्या मोटर-स्टार्टरचे फर्मवेअर लिहितो. आमची सगळी उत्पादने एसटीएम३२एफ१०३ या कॉर्टेक्स-एम३ चिपवर होती. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडल्यावर त्यांपैकी निम्मी आम्हाला दुसऱ्या कंपनीच्या रिस्क-फाइव्ह चिपवर न्यावी लागली. जुन्या चिपसाठी आम्ही ओपनओसीडी (चिपशी डीबगसाठी बोलणारे साधन) आणि जीडीबी (प्रोग्राम थांबवून तपासणारा डीबगर) वापरत होतो. कारखान्यातली चाचणी, फ्लॅश भरणे, शेतातून परत आलेल्या बोर्डाची मेमरी उतरवून दोष शोधणे ही कामे त्यांच्या भोवती लिहिलेल्या पायथनच्या स्क्रिप्ट करतात, आणि नव्या चिपवर त्यांतली जवळजवळ एकही चालत नाही.

म्हणून दोन्ही चिपांना पुरेल अशी एक मॉड्यूलर चौकट लिहायला घेतली आहे. सध्याचा आराखडा असा आहे की प्रत्येक चिपसाठी एक प्लगइन असावे आणि थांबवणे, चालवणे, एक पाऊल पुढे जाणे, मेमरी वाचणे-लिहिणे, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबावा ती खूण) लावणे आणि फ्लॅश भरणे ही सर्व कामे त्या प्लगइनने पुरवावीत. दोन आठवड्यांतच तीन अडचणी समोर आल्या. दोन्ही प्लगइनमध्ये अर्धाअधिक कोड तोच तो आहे. नव्या बोर्डावर प्रोसेसर थांबवला की साधारण दोन सेकंदांनी बोर्ड आपोआप रीसेट होतो, जे जुन्या बोर्डावर एकदाही घडले नव्हते. आणि साध्या सीएमएसआयएस-डॅप प्रोबवर (संगणक आणि चिप जोडणाऱ्या यूएसबी उपकरणावर) एक पाऊल टाकायला इतका वेळ लागतो की लूपमधून चालत जाणे अशक्य होते.

सीमा कुठे आखाव्यात, आणि रीसेटची अडचण सीमांशी संबंधित आहे की स्वतंत्र आहे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन मिळावे.

फर्मवेअर_नाशिक

रीसेटपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या आराखड्यात काय चुकले आहे ते त्या एका दोषात दिसते.

एसटीएम३२मधला स्वतंत्र वॉचडॉग (वेळेवर ताजा केला नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) चिपच्या आतल्या वेगळ्या घड्याळावर चालतो आणि एकदा सुरू झाला की रीसेटशिवाय थांबवता येत नाही. डीबगरने प्रोसेसर थांबवला की त्याला वेळेवर ताजा करणारे कोणीच उरत नाही. तरीही जुना बोर्ड रीसेट होत नसे, याचे कारण चिपच्या डीबग-नियंत्रण रजिस्टरमध्ये एक बिट असतो, जो लावला की प्रोसेसर थांबलेला असेपर्यंत वॉचडॉगही गोठतो, आणि ओपनओसीडीच्या त्या कुटुंबासाठीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जोडणी होताक्षणी तो बिट लावणारी एक ओळ आहे. ती ओळ तुम्ही लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती आहे हेही तुम्हाला कळण्याचे कारण नव्हते. नव्या चिपच्या मार्गदर्शिकेतले डीबगचे प्रकरण उघडा आणि त्याच अर्थाचा बिट आहे का ते पाहा.

आता हे ज्ञान नेमके कोणाचे आहे? ते कॉर्टेक्स-एम३चे नाही, कारण त्याच गाभ्याच्या (प्रोसेसर-कोअरच्या) दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये वॉचडॉग वेगळा असेल. ते प्रोबचेही नाही. ते निव्वळ चिपचे आहे. याउलट प्रोसेसर कसा थांबवायचा, हे गाभ्याचे ज्ञान आहे आणि ते सर्व कॉर्टेक्स-एम३ चिपांना सारखेच लागू होते. तुमच्या प्लगइनमध्ये या दोन्ही गोष्टी, आणि यूएसबीवरून बिट कसे पाठवायचे हेसुद्धा, एकाच गाठोड्यात बांधले गेले आहे. कोड दोनदा लिहावा लागतो तो यामुळेच. चिपच्या नावाप्रमाणे न कापता, कोणती गोष्ट कशामुळे बदलते ते पाहून कापा : प्रोब बदलला तर काय बदलते, तारांवरची भाषा जेटॅगऐवजी एसडब्ल्यूडी झाली तर काय बदलते, गाभा बदलला तर काय, चिप बदलली तर काय.

यांतली सर्वांत महत्त्वाची सीमा मेमरी वाचण्या-लिहिण्याची आहे. कॉर्टेक्स-एममध्ये प्रोसेसरचा डीबग-कारभार हा मेमरीतल्या काही रजिस्टरांचाच कारभार असतो. थांबवायचे असेल तर डीएचसीएसआर या पत्त्यावर ठरलेल्या किल्लीसह बिट लिहायचा, आतले रजिस्टर वाचायचे असेल तर डीसीआरएसआरमध्ये त्याचा क्रमांक टाकायचा आणि उत्तर डीसीआरडीआरमधून उचलायचे. त्यामुळे एआरएमपुरते (म्हणजे कॉर्टेक्स-एमपुरते) पाहिले तर गाभ्याच्या मॉड्यूलला खाली फक्त मेमरी लागते. रिस्क-फाइव्हमध्ये हे चित्र उलटे होऊ शकते : तिथे डीबग मॉड्यूलशी बोलण्याची वाट वेगळी असते, बसवरून थेट मेमरी वाचण्याची सोय ऐच्छिक असते, आणि ती नसेल तर गाभा थांबवून त्याच्याकडूनच प्रोग्राम बफरमधल्या सूचना चालवून घेऊन मेमरी वाचावी लागू शकते. म्हणजे एकीकडे गाभ्याचे मॉड्यूल मेमरीवर उभे असते, तर दुसरीकडे मेमरी गाभ्यावर उभी असते. ‘मेमरी वाच’ हे एक फंक्शन दोघांनाही ठेवा, पण प्रोसेसर चालू असताना ते वाचू शकते की नाही, हा प्रश्न वरच्या थराला विचारता आला पाहिजे. अन्यथा चालत्या मोटरचा प्रवाह रॅममधून वाचणारी तुमची स्क्रिप्ट एका बोर्डावर निमूट वाचत राहील आणि दुसऱ्यावर दर वेळी प्रोसेसर थांबवेल.

ब्रेकपॉइंटांचेही तसेच. एम३मध्ये सहसा सूचनांसाठी सहा तुलनाकार (ठरलेला पत्ता आला की थांबवणारे हार्डवेअर) असतात आणि ते पहिल्या ५१२ एमबीच्या कोड-विभागातच लागू पडतात. रॅममध्ये कोड चालत असेल तर तिथे ब्रेकपॉइंटची सूचना प्रत्यक्ष लिहावी लागते. तुलनाकारांचा हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका. एआरएममध्ये तो एफपीबीच्या (ब्रेकपॉइंट सांभाळणाऱ्या भागाच्या) नियंत्रण रजिस्टरमधून वाचता येतो आणि रिस्क-फाइव्हमध्ये ट्रिगर (तिथले तुलनाकार) एकेक निवडून मोजता येतात. वरच्या थराने विचारावे आणि खालच्याने हार्डवेअरला विचारून सांगावे.

आता वेग. सीएमएसआयएस-डॅपची पहिली आवृत्ती एचआयडीवर (कीबोर्ड-माउस वापरतात त्या यूएसबी पद्धतीवर) चालते, म्हणजे फुल-स्पीड यूएसबीवर मिलिसेकंदाला फार तर एक ६४ बाइटचे पॅकेट जाते. एका पावलानंतर सतरा रजिस्टरे वाचायची, प्रत्येकासाठी क्रमांक लिहायचा, तयार आहे का ते पाहायचे आणि मूल्य उचलायचे, असे एक्कावन्न व्यवहार होतात. प्रत्येक व्यवहार वेगळा पाठवला तर पन्नास मिलिसेकंद यातच जातात, आणि त्यावर जीडीबी स्टॅक वाचतो तो वेगळाच. उपाय असा की मेमरीच्या थराने लगेच उत्तर देणारे फंक्शन न ठेवता व्यवहारांची रांग ठेवावी : वरचे मॉड्यूल मागण्या रांगेत टाकत जाते आणि खरोखर मूल्य हवे झाले की संपूर्ण रांग एकदम प्रोबकडे जाते. यात आणखी एक फायदा आहे. वर सांगितलेली डीबग-रजिस्टरे सोळा बाइटांच्या एकाच खिडकीत बसतात आणि एआरएमच्या मेमरी-पोर्टमध्ये अशा खिडकीतले चारही शब्द पत्ता पुन्हा न लिहिता गाठता येतात. रांग हातात असल्यामुळे मेमरीचा थर हे स्वतःच ओळखतो आणि गाभ्याच्या मॉड्यूलला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच पोर्टचा आपोआप पुढे सरकणारा पत्ता १ केबीच्या सीमेपलीकडे नीट सरकेल याची हमी नसते, हेही याच थराने सांभाळायचे. मोठ्या वाचनात मधूनच चुकीचा डेटा आला तर आधी तिथे पाहा.

रांगेबरोबर एक जबाबदारीही येते. एसडब्ल्यूडीवर चुकीच्या पत्त्यामुळे एक व्यवहार फसला की दोषाचा बिट चिकटून राहतो आणि तो पुसेपर्यंत पुढचे सगळे व्यवहार फसतात. म्हणून रांगेतला कितवा व्यवहार आणि कोणत्या कारणाने फसला, हे वरपर्यंत पोचले पाहिजे. ‘थांबा, व्यस्त आहे’ आणि ‘दोष’ ही दोन उत्तरे वेगळी आहेत. ती एकाच त्रुटी-संकेतात मिसळणारी चौकट पहिल्याच कठीण दिवशी निरुपयोगी ठरते.

चिंचवड_ईसीयू

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक मूलभूत प्रश्न राहिला : यातले किती तुम्ही स्वतः लिहिणार आहात? ओपनओसीडी २००५ मध्ये डॉमिनिक राथ यांच्या आउग्सबुर्ग येथील पदविका-प्रबंधातून सुरू झाले आणि प्रोब, तारांवरची भाषा, गाभा, फ्लॅश हे थर त्यात आज वेगळेच आहेत. त्याच कामाची आणखी दोन साधने म्हणजे पायओसीडी पायथनमध्ये आहे, प्रोब-आरएस रस्टमध्ये. पाच जणांच्या गटाने फ्लॅश भरण्याचे अल्गोरिदम पुन्हा लिहायला बसणे मला पटत नाही. तुमची स्वतःची संपत्ती म्हणजे चाचण्या आणि दोष शोधण्याच्या स्क्रिप्ट; त्या कोणत्याही एका साधनाला बांधल्या जाणार नाहीत एवढीच सीमा तुम्ही काळजीपूर्वक आखा.

वरची सीमा म्हणून जीडीबीचा रिमोट प्रोटोकॉल घ्यावा, अशी माझी सूचना आहे. तो जुना आणि काहीसा बोजड आहे, पण सर्व्हर (चिपच्या बाजूने जीडीबीला उत्तर देणारा प्रोग्राम, जसे ओपनओसीडी) आपली रजिस्टरे एक्सएमएलमध्ये स्वतः सांगू शकतो आणि मेमरीचा नकाशाही देऊ शकतो. नकाशात फ्लॅशचा भाग फ्लॅश म्हणून नोंदवला की जीडीबी तिथे हार्डवेअर ब्रेकपॉइंटच मागतो. एलएलडीबी हा दुसरा डीबगरही हाच प्रोटोकॉल बोलतो. ब्लॅक मॅजिक प्रोबमध्ये तर सर्व्हर प्रोबच्या आतच असतो, म्हणजे या सीमेखालचे सगळे थर एका हार्डवेअरमध्ये गेले तरी वरचे काही बदलत नाही.

एक गोंधळ आधीच टाळा. एआरएमच्या कागदपत्रांतला ‘डॅप’ म्हणजे चिपमधला डीबग-प्रवेशमार्ग, आणि संपादकांच्या जगातला ‘डॅप’ म्हणजे एडिटर आणि डीबगर यांच्यातला मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल. आमच्या गटात दोघांचे दोन फोल्डर एकाच नावाने तयार झाले होते आणि त्यापायी एक पूर्ण दिवस वाया गेला.

पंपनियंत्रक_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. तसा बिट नव्या चिपमध्ये आहे. तो लावल्यावर रीसेट थांबले. प्रोब आणि फ्लॅश यांसाठी ओपनओसीडीच ठेवायचे आणि चिपचे व गाभ्याचे ज्ञान आमच्या स्क्रिप्टमध्ये वेगळे करायचे, असे आम्ही ठरवले आहे. एक शंका उरते. फ्रीआरटीओएसच्या (छोट्या चिपांवरच्या कार्यप्रणालीच्या) टास्कची यादी आणि प्रत्येकाचा स्टॅक दाखवणारी आमची स्क्रिप्ट नव्या चिपवर टास्कची नावे बरोबर दाखवते, पण थांबलेल्या टास्कचे प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचे पत्ते) निरर्थक येतात. हे कोणत्या थराचे काम मानावे?

फर्मवेअर_नाशिक

ही दोन थरांच्या मधली जागा आहे. टास्कच्या नोंदीत स्टॅकच्या माथ्याचा पॉइंटर पहिलाच असतो, त्यामुळे यादी आणि नावे दोन्हीकडे मिळतात. परंतु त्या माथ्यावर रजिस्टरे कोणत्या क्रमाने ठेवली आहेत, हे गाभ्यावर ठरते. एम३मध्ये आठ शब्द हार्डवेअर ढकलते आणि उरलेले आठ फ्रीआरटीओएसचा पोर्ट (त्या गाभ्यासाठी लिहिलेला त्याचा कोड) ढकलतो. रिस्क-फाइव्हमध्ये हार्डवेअर स्टॅकवर काहीच ठेवत नाही आणि सगळी मांडणी पोर्टची असते. तुमची स्क्रिप्ट अजून एआरएमची मांडणी गृहीत धरते आहे. आरटीओएसचे मॉड्यूल एकच ठेवा आणि मांडणीचा तक्ता आरटीओएस व गाभा या जोडीमागे एक, असा वेगळा ठेवा. पुढे एम४एफ (फ्लोटिंग पॉइंटची सोय असलेला कॉर्टेक्स-एम४) घेतलात तर त्याच गाभ्यावर दोन मांडण्या होतील, कारण फ्लोटिंग पॉइंट वापरणाऱ्या टास्कची चौकट मोठी असते. म्हणून तक्ता निवडणे हेही स्थिर नसून त्या टास्कच्या जतन केलेल्या मूल्यावरून ठरले पाहिजे.

सांगली_पॉवर

मोटरवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. प्रोसेसर थांबला की पिना आहे त्या स्थितीत राहतात, म्हणजे कॉन्टॅक्टर (मोटरचा वीजपुरवठा जोडणारा स्विच) ओढलेला असेल तर तो ओढलेलाच राहतो आणि सॉफ्टवेअरमधले जादा प्रवाहाचे संरक्षण मात्र त्या क्षणापासून बंद असते. नव्या बोर्डावर पूर्वी अशा वेळी वॉचडॉग रीसेट करून कॉन्टॅक्टर सोडत असे. आता तुम्ही तो गोठवला आहे. एका चाचणीत ब्रेकपॉइंटवर थांबलेल्या बोर्डाने अडकलेली मोटर चालूच ठेवली आणि तिचे वाइंडिंग जळले, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून चिपच्या वर बोर्डाचे एक छोटे मॉड्यूल ठेवा आणि त्यात ‘थांबल्यावर लगेच’ हा एक हूक ठेवा, जो कॉन्टॅक्टरची पिन थेट मेमरीत लिहून सोडेल. ब्रेकपॉइंट लागल्याचे डीबगरला कळायला काही मिलिसेकंद जातात, तेवढे इथे चालतात. यूएसबीची केबल निघाली तर हा हूक चालणार नाही, म्हणून चाचणीच्या टेबलावर थर्मल ओव्हरलोड रिले वेगळा बसवा आणि वॉचडॉग गोठवणारा बिट त्या रिलेशिवायच्या बोर्डावर मुळातच लावू नका. ती अट बोर्डाच्या मॉड्यूलमध्येच लिहा.