मदत हवी आहे: परसातलं घाण वासाचं झाड नरक्या आहे काय? काढा चालतो काय?

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या अलीकडं. परसाच्या बांधावर दोन पुरुष उंचीचं एक झाड आहे. श्रावणात पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात आणि असा वास सुटतो की आई मागचं दार लावून घेते. पान चुरगळलं तरी तेच. फळं जांभळासारखी, पण बारकी. शेजारचे कन्नड मामा 'दुर्वासने मर' म्हणतात.

गेल्या महिन्यात मोटरसायकलवरून एकजण आला. "कॅन्सरचं झाड आहे, मुळासकट देता काय, किलोवर घेतो." चहा पाजून वाटेला लावला. पण ते आत्याच्या कानावर गेलं. तिची बेळगावात केमो सुरू आहे आणि आता साल उकळून द्या म्हणून हट्ट धरून बसलीय. मला धीर होईना. माहीतगारांनी सांगा की ओ.

घाटमाथा:
वर्णनावरून नरक्याच वाटतोय, म्हणजे नोथापोडायटिस या प्रजातीतलं झाड. तरी फुलाफळांचे फोटो टाका. भारत-श्रीलंकेपासून जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत या प्रजातीत जेमतेम दहाएक जाती.

काढा मात्र अजिबात नको. झाडात कॅम्पटोथेसिन असतं, कॅन्सरच्या पेशी मारणारं पण विषारी द्रव्य. 1966 मध्ये वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं, पुढं नरक्यातही सापडलं. 1970 च्या दशकात ते रुग्णांना देऊन बघितलं, तर जुलाब, रक्तपेशी घटणं, लघवीतून रक्त; प्रयोग थांबवावे लागले. त्याच्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं तयार झाली, ती 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीही मोजून, रक्त तपासत देतात. काढ्यात किती उतरलं हे कोण मोजणार? त्यात केमो चालू.

रानवाट:
झाडाला हात लावू देऊ नका. याच व्यापारापायी सह्याद्रीतला नरक्या उजाड झालाय. आणि कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी तोडायच्या आधी वनखात्यात विचारा.

धागाकर्ता:
आत्याला वाचून दाखवलं. "म्हणजे बाटलीतून देतात तेच की," म्हणाली. तिच्या बाटलीत नेमकं काय असतं ते सोमवारी डॉक्टरांना विचारतो, सालीचंही सांगतो. काढा तूर्त टळला. फोटो श्रावणात, आता झाडावर नुसती पानं आहेत.