समुद्राजवळ भर बाजारात भाड्याचं घर: खिडकी उघडी ठेवू की बंद? (मदत हवी आहे)

मंडळी, गेले नऊ महिने मी समुद्रापासून एक गल्ली सोडून, भर बाजारपेठेत, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतेय. वय २४, पहिली नोकरी आणि पहिलंच स्वतःचं (म्हणजे भाड्याचं!) घर. ऑफिस चालत सात मिनिटांवर, संध्याकाळी पाय मोकळे करायला किनारा. घर घेताना एवढंच दिसलं. बघायला गेले ती मंगळवारची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शनिवारी रात्री जायला हवं होतं, हे शहाणपण आता सुचतंय.

खिडकी उघडी ठेवली की खालची गाणी, फिरायला आलेल्यांची खिदळाखिदळी, बारानंतर शटर ओढल्याचा खणखणाट आणि साडेपाचला कचऱ्याची गाडी. बंद ठेवली की घर कोंदटतं. परवा कपाटाच्या तळातून काळे बूट काढले, तर त्यांवर हिरवट-पांढरी लव! बॅगेची चेन जाम झालेली, पकडीने ओढली तर दातांवरून पांढरी पूड पडली. कुलूप नवं आहे, तरी किल्ली करकरते.

घरमालकांचं म्हणणं, भिंतीला बुरशी आली ती ‘तू खिडक्या उघडत नाहीस म्हणून’ आणि बाल्कनीच्या दाराच्या बिजागऱ्या गंजल्या त्या ‘तू दार उघडं टाकतेस म्हणून’. दोन्ही एकाच फोनमध्ये. एसीच्या बाहेरच्या युनिटमधून गॅस गळाला, त्याचा खर्चही डिपॉझिटमधून कापणार म्हणतात.

करार दोन महिन्यांत संपतोय. झोप आणि कोरडं घर दोन्ही मिळेल असं काही करता येतं का? गंजाचा खर्च खरंच माझ्या माथी आहे का? आणि करार वाढवू की नको? ‘गावाबाहेर जा’ हा सल्ला कृपया नको, रोजचा दोन तासांचा प्रवास मी करून बसलेय.

प्रतिसाद: गच्चीवरचा

खिडकी उघडायची की नाही यापेक्षा कधी उघडायची ते बघा. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो आणि मीठ घेऊन येतो. रात्री उलट, जमीन आधी गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. वादळी हवा नसेल तर पहाटेचे दोन-तीन तास सगळ्यात चांगले. हवा गार, मीठ कमी, गर्दी झोपलेली. (कचऱ्याच्या गाडीला माझ्याकडे उपाय नाही.) दुपारी समुद्राकडची बाजू बंदच ठेवा.

मिठाची गंमत अशी, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणून पुसलेली काच संध्याकाळी पुन्हा चिकट. कोरड्या फडक्याने मीठ नुसतं पसरतं. आधी गोड्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. बिजागऱ्या, कड्या, कुलूप यांनाही आठवड्यातून एकदा हेच, वर तेलाचा थेंब.

प्रतिसाद: जुनी भाडेकरू

अगं, कपडे घरात वाळत घालतेस का? मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. मी बुरशीशी वर्षभर भांडले आणि खरा चोर निघाला दांडीवरचा टॉवेल. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. छोटा आर्द्रतामापक घे, आकडा ६० च्या खाली आणता आला तर बुरशीचा जोर मोडतो. चामड्याच्या वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नकोस, आत घाम धरतो.

प्रतिसाद: डेसिबल

आवाजाबद्दल. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. पैसे वाया घालवू नका. आवाज शिरतो फटींतून. चौकटीला रबरी पट्टी लावा, घर सोडताना काढताही येते. पण गाण्यांचा ठोका भिंतीतून येतो, त्याला पट्टीही पुरत नाही आणि कानातले बोळेही पुरत नाहीत. तिथे खोली बदलणे हाच उपाय, पलंग मागच्या बाजूला न्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीची मर्यादा सुचवली होती ती घराबाहेर सरासरी ४० डेसिबल. तुमच्या खाली त्याच्या कितीतरी वर असणार, त्यामुळे ‘मीच नाजूक आहे’ असं मनात आणू नका.

प्रतिसाद: कागदपत्रवाला

करारात भाडेकरूने द्यायच्या भरपाईतून ‘नैसर्गिक झीज’ वगळली आहे का ते आधी वाचा. समुद्रालगत लोखंडी बिजागरी गंजणं ही झीजच. किनाऱ्यावर ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरतात, त्यात मिठाच्या गंजाला सहजी दाद न देणारा मॉलिब्डेनम धातू असतो, आणि ते बसवणं मालकाचं काम. एसीचंही तसंच. तांब्याची नळी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मध्ये खारट ओल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खात सुटणारी बॅटरीच. सर्व्हिसिंगच्या पावत्या असतील तर बाहेर काढा. बुरशीत मात्र तुमचाही वाटा निघू शकतो, तिथे ताणू नका. फोनवर बोलणं बंद करा, सगळं लेखी. आणि राहायला आलात त्या दिवसाचे फोटो आहेत का?

प्रतिसाद: तटस्थ

वरच्यांशी सहमत. अवांतर: दुपारी घर बघणाऱ्या क्लबात स्वागत!

धागाकर्ती

सर्वांचे आभार. चोर आमच्याकडेही दांडीवरच निघाला. कपडे आता गच्चीत जातात, पहाटे पाचला खिडक्या उघडते (गाडी आली की दहा मिनिटं बंद). दोन आठवड्यांत आकडा ७८ वरून ६५ वर आलाय. ६० अजून दूर आहे, पण बुटांवर पुन्हा लव नाही.

पहिल्या दिवसाचा एकच फोटो सापडला, आईला पाठवलेला. मी बाल्कनीत दात काढून उभी आणि मागे बिजागरी, तेव्हाच तांबूस. मालकांना तोच पाठवला. बिजागऱ्यांचा विषय संपला, एसीवर निम्मं-निम्मं करू म्हणतात. पावती शोधतेय.

करार वाढवत नाहीये. याच भागात मागच्या गल्लीत, अंगणाकडे तोंड असलेली एक खोली आहे. एजंट म्हणाला, उद्या दुपारी या. मी शनिवारी रात्री साडेअकराची वेळ मागितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, बघतो.